लॅमिनेट केलेलं पथ्य

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी चिंतामणरावांनी डिंकाचा दुसरा लाडू संपवला, वर तूप घातलेलं कोमट दूध घेतलं आणि मोठ्या समाधानानं फ्रीजच्या दाराकडे पाहिलं. दारावर दोन तक्ते होते. डावीकडे ‘मीनल’, उजवीकडे ‘चिंतामणी’. दोन्ही लॅमिनेट केलेले. अक्षर त्यांचंच, ड्रॉइंगवर काढतात तसं ठाशीव. अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस. त्यांच्या हाताखालून चुकीचा टॅग लागलेला एक नट कधी बाहेर गेला नाही, हे ते स्वतः सांगायचे, आणि बदलापूर गावातल्या त्या इमारतीत ते ऐकलं नाही असं एकही घर नव्हतं.

पाच आठवड्यांपूर्वी सून मीनलला घेऊन ते शिवमंदिराजवळच्या हरिचंद्र वैद्यांकडे गेले होते. त्यांचे गुडघे सुजलेले, आमवात. मीनलला सहावा लागलेला, अंगाला खाज आणि जेवलं की छातीत जळजळ. वैद्यांनी दोघांना तपासलं, दोन कागदांवर मुंग्या पळाल्यासारखं काहीतरी लिहिलं आणि पुड्या दिल्या. कागद घरी आले. चिंतामणरावांनी भिंग घेऊन ते वाचले, स्वच्छ अक्षरात उतरवले, वर नावं घातली आणि स्टेशनजवळ जाऊन लॅमिनेट करून आणले.

मीनलच्या तक्त्यावर होतं: दूध, दही, तूप, गोड पूर्ण बंद. ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, तेही बिनफोडणीचं. कुळथाचं कढण दोन वेळा. सायंकाळी सातनंतर पाण्याशिवाय काही नाही. दुपारी झोपायचं नाही. रोज पाऊण तास चालणं.

आणि चिंतामणरावांच्या तक्त्यावर होतं: दूध, तूप, लोणी, डिंक-खारकेचे लाडू, मुगाची खीर. दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं. दुपारी विश्रांती. वजन उचलायचं नाही. मन प्रसन्न ठेवणं. आणि शेवटी, लाल शाईनं अधोरेखित केलेलं एक वाक्य: ‘मनात येईल ते मागावे. घरच्यांनी नकार देऊ नये.’

हे वाक्य चिंतामणरावांना इतकं पटलं होतं की वैद्यांवरची त्यांची श्रद्धा त्या दिवसापासून दुप्पट झाली. चामटोली गावच्या रामभाऊंकडून गाईचं तूप यायला लागलं. गोदूताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “अहो, दिवस गेलेल्या बाईला दूध बंद? आणि तुमच्या वातावर लाडू?”

“गोदू, ते वैद्य आहेत. तुझ्या महिला मंडळाचे सभासद नाहीत,” असं म्हणून त्यांनी विषय बंद केला होता. गोदूताई गप्प बसल्या. गप्प बसायला कारणही होतं. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात मीनलचं पोटातलं मूल गेलं. तेव्हापासून त्या घरात कुणी मोठ्यानं शंका काढायची हिंमत करत नव्हतं. खुद्द मीनल तर अशी झाली होती की डॉक्टर म्हणाले असते एका पायावर उभी राहा, तर ती नऊ महिने उभी राहिली असती. नवऱ्यानं, यज्ञेशनं, एकदा तिच्यासाठी गरम वडापाव आणला, तर तिनं तो कागदासकट त्याच्याच हातात परत ठेवला. म्हणाली, “ह्या वेळी मी एकसुद्धा चूक करणार नाही.” बिचाऱ्यानं जिन्यात उभं राहून तो खाल्ला.

पाच आठवड्यांत चिंतामणरावांचं वजन साडेचार किलोनं वाढलं. गाल तुकतुकीत झाले. गुडघे मात्र आधीपेक्षा वाईट. पण त्यांचं म्हणणं, औषध लागू पडायला लागलं की आधी दुखणं उसळतंच. मीनलचं वजन जिथल्या तिथे. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा तपासला आणि विचारलं, “नीट जेवतेस ना गं?” मीनल म्हणाली, “अगदी नियमानं.” ते खोटं नव्हतं.

दुपारी चारला बायका जमल्या. सोफे भिंतीला सरकवलेले, मधोमध फुलांचा झोपाळा, त्यावर हिरव्या साडीतली मीनल. फुलांचे दागिने चढवले होते, पण बाजूबंद सारखे कोपरापर्यंत घसरत होते. नणंद प्राची अंबरनाथहून सकाळीच आली होती. तिनं शेवटी ते सेफ्टी पिनांनी ब्लाउजला टाचले.

“काय गं वहिनी, काय ही अवस्था! आणि बाबा बघ. दोघांचे फोटो शेजारी लावले तर सातवा कुणाला लागलाय ते सांगावं लागेल.”

सगळ्या हसल्या. चिंतामणरावही हसले. ते आपले बेडरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं, यज्ञेशला तर केव्हाच जिलेबी आणायला पिटाळलं होतं. पण ह्यांना विश्रांती सांगितलेली, मग जाणार कुठे?

तेवढ्यात कुमुदताई आल्या. मीनलची आई. उल्हासनगरला सिंधी व्यापाऱ्यांच्या दुकानांना साड्यांचे फॉल-पिको करून देण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली, त्यामुळे आवाज गिऱ्हाइकाला परत बोलवायचा आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. महिनाभर शिलाईच्या सीझनमुळे त्यांना येता आलं नव्हतं. लेकीला पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच राहिली.

“हे काय झालंय तुझं?”

“काही नाही मम्मी. पथ्य चालू आहे.”

“पथ्य? उपोषण म्हण ना!” त्यांनी पिशवीतून डबा काढला. “शेजारच्या सिंधी भाभीनं कोकी दिलीय, त्यांची ती जाड खुसखुशीत पोळी, तूप लावून. तुला आवडते म्हणून सकाळी उठून केली तिनं. एक घास घे.”

मीनलनं डब्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग झाकण लावून डबा बाजूला ठेवला. “तूप बंद आहे मला.”

कुमुदताईंनी विहिणीकडे पाहिलं. गोदूताईंनी साडीचा पदर नीट केला, नीटच होता तरी. वरच्या मजल्यावरच्या गयाबाईंनी प्रसंग ओळखला आणि टाळी वाजवली. गयाबाई पाण्याच्या टाकीजवळच्या दवाखान्यात नर्स होत्या, इमारतीतली अर्धी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. त्यांचा शब्द खाली पडत नसे. “चला, चला, वाट्या आणा! पेढा की बर्फी ते बघू.”

दोन वाट्या पाटावर उपड्या ठेवलेल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशीनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि जे निघेल ते तिनं खायचं. कुणी खरं मानत नाही, आणि वाटी उचलताना श्वास मात्र सगळ्यांचा अडकतो.

मीनलनं उजवी वाटी उचलली.

खाली उकडलेल्या दुधीची फोड होती.

गयाबाईंनी दुसरी वाटी उचलून पाहिली. तिच्याखाली पडवळाची चकती.

“दुधी म्हणजे काय गं, मुलगा की मुलगी?” मागून कुणीतरी अगदी मनापासून विचारलं.

“तिला गोड बंद आहे ना,” गोदूताई घाईनं म्हणाल्या. “आणि जे निघेल ते खावं लागतं. म्हणून मी... पथ्यही मोडायला नको आणि रीतही. मीठसुद्धा बेतानंच घातलंय.” त्यांनी ते इतक्या मायेनं सांगितलं की प्राचीनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला.

पण कुमुदताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि कुमुदताईंना रडू आलं की त्या आधी भांडतात.

“डोहाळजेवण म्हणतात हो ह्याला! बाईला जे जे खावंसं वाटतं ते पुढ्यात ठेवायचा दिवस. आणि माझ्या पोरीच्या वाटीखाली दुधी? सांगून टाका ना, तिचं खाणं जड झालंय या घराला. मी आजच्या आज तिला उल्हासनगरला घेऊन जाते. बाळंतपण होईपर्यंत इकडे पाठवायची नाही, आणि नंतरचं नंतर बघू.”

“मम्मी!” मीनल झोपाळ्यावरून उठली. “आईंना काही बोलू नकोस. माझं दोन वेळचं कढण त्या स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.”

“कसलं कढण?” गयाबाईंनी विचारलं.

“कुळथाचं.”

गयाबाईंच्या कपाळाला आठी पडली. “कुळीथ? गरोदर बाईला, रोज दोनदा? कुठल्या वैद्यानं सांगितलं?”

आता सगळ्यांनी गोदूताईंकडे पाहिलं, आणि गोदूताईंनी चिंतामणरावांकडे. चाळीस वर्षांच्या संसारात त्या अशा बघायच्या तेव्हा चिंतामणराव उठायचे. ते उठले. गुडघ्यातून कळ आली, पण उठले.

“कुमुदताई, जरा दमानं घ्या. या घरात सगळं लेखी असतं. वैद्यांच्या हातचे मूळ कागद पावत्यांसकट माझ्याकडे आहेत. आत्ता आणतो, सगळ्यांसमोर वाचतो. आमच्या हिच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नाही.”

बेडरूममध्ये जाऊन त्यांनी कपाटातली निळी फाइल काढली. वैद्यकीय, आयुर्वेद, चालू वर्ष. दोन कागद, दोन पावत्या. कागदांवर नाव नव्हतं. कोपऱ्यात फक्त नंबर, एकावर एकशे सतरा, एकावर एकशे अठरा. पावत्यांवर मात्र नंबरही होता आणि नावही. हे पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहायची गरज वाटली नव्हती. नाव नोंदवताना आधी स्वतःचं दिलं होतं, हे ते विसरले होते; आत आधी सुनेला पाठवलं होतं, म्हणजे वरचा कागद सुनेचा, एवढा साधा हिशेब.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

कुळथाचा कागद एकशे सतरा. पावती एकशे सतरा: चिंतामणी.

लाडवांचा कागद एकशे अठरा. पावती एकशे अठरा: मीनल.

चिंतामणराव पलंगावर बसले. आपलं पोट त्यांना एकदम फार मोठं दिसायला लागलं. पाच आठवडे, रोज चार लाडू. पोरीच्या वाटचे. आणि ती त्यांच्याच शेजारी बसून, नाकानं डिंकाचा वास घेत कढण पीत होती. एकदा तर त्यांनी तिला सांगितलं होतं, “मीनल, पथ्य म्हणजे मनाचा निग्रह. माझ्याकडे बघ.”

बाहेर आवाज चढत होते. कुमुदताई बॅग भरायची भाषा करत होत्या. चिंतामणरावांच्या डोक्यात, लाज वाटावी इतक्या चटकन, एक विचार आला. कागद परत फाइलमध्ये ठेवायचे. बाहेर जाऊन म्हणायचं, वैद्यांशी फोनवर बोललो, आजपासून पथ्य बदललंय. उद्या नवे तक्ते लावायचे, वर लिहायचं ‘सुधारित’. कारखान्यात असे किती सुधारित कागद निघायचे. कुणाला कळणार होतं? त्यांनी टेबलावरचं मार्कर उचललंसुद्धा.

मग गोदूताईंचा आवाज आला. रडवेला, पण स्वच्छ.

“कुमुदताई, तुम्ही तिला न्या. माझंच काहीतरी चुकलं असेल. स्वयंपाक माझ्या हातचा आहे ना. मला पहिल्या दिवसापासून बरं वाटत नव्हतं, तरी मी करत राहिले. मी तिची आई असते तर केलं नसतं.”

चिंतामणरावांनी मार्कर खाली ठेवलं. ती पहिल्या दिवशी बोलली होती. तिला गप्प कुणी केलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ते दोन्ही कागद आणि दोन्ही पावत्या घेऊन बाहेर आले. वाटेत फ्रीजवरचे तक्ते काढले. बायका आपोआप बाजूला झाल्या. ते झोपाळ्यासमोर उभे राहिले आणि साहेबासमोर उभं राहावं तसे ताठ झाले.

“सांगायचं एवढंच,” ते म्हणाले, “की टॅग उलटे लागलेत.”

“काय लागलेत?” कुमुदताई.

“मीनलच्या पथ्याचा माणूस मी. आणि माझ्या पथ्याची मीनल. नावं मी घातली. तपासलं नाही. गोदूनं विचारलं होतं, तिला मीच गप्प केलं. चूक माझी. माझ्या एकट्याची.”

गयाबाईंनी त्यांच्या हातातले दोन्ही तक्ते घेतले, ‘चिंतामणी’ लिहिलेला डोळ्यांजवळ धरला आणि लाल रेघेवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं. “मनात येईल ते मागावे. घरच्यांनी नकार देऊ नये.” त्यांनी तक्ता खाली केला. “म्हणजे पाच आठवडे या घरात डोहाळे पुरवले ते चिंतामणरावांचे?”

प्राचीचा बांध फुटला. ती खालीच बसली. मग गयाबाई, मग मागच्या बायका. दाराशी जिलेबीचा पुडा घेऊन उभा राहिलेला यज्ञेश “काय झालं, काय झालं” करत होता आणि कुणाला सांगता येत नव्हतं. कुमुदताईसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. “अहो सांई, मग ओटी तुमचीच भरायला हवी होती!”

मीनल हसली नाही. तिनं पोटावर हात ठेवला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “मग बाळाला काही...?”

हसू जागच्या जागी थांबलं. प्राचीनं फोन उचलून डॉक्टरीणबाईंना लावला, स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून बाईंनी घसा साफ केल्यासारखं केलं. त्या हसत होत्या की काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“गेल्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ बरोबर होती. बाळानं आपलं घेतलंय, आईचं राहिलंय. आजपासून तिला नीट जेवू द्या. एकदम ठोसून नाही, थोडं थोडं. उद्या सकाळी तिला घेऊन या, मला स्वतः बघायचंय. आणि ते सासरेबुवा आलेच बरोबर, तर त्यांचं बीपी घेऊ.”

फोन बंद झाला. गोदूताईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. आत गेल्या आणि लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं तर तीनच उरलेले. बायकांनी चिंतामणरावांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी पोट आत ओढलं.

गोदूताईंनी एक लाडू मीनलच्या हातात दिला. मीनलनं तो धरला, पण तोंडाशी नेईना. “नक्की खाऊ ना, आई? चालेल ना?”

“खा गं बाळा.”

तिनं एक घास घेतला. चावला. आणि एकदम तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. “आई, मला खूप भूक लागायची हो,” ती म्हणाली. “रोज. रात्री झोप यायची नाही. मला वाटायचं, एवढं सोसतेय तर ह्या वेळी तरी देव...” गोदूताईंनी तिला जवळ घेतलं, दुसऱ्या बाजूनं कुमुदताईंनी, आणि दोघी विहिणींच्या मध्ये ती रडत रडत अख्खा लाडू खाऊन मोकळी झाली. फुलांचे बाजूबंद पिनांसकट चुरगळले. कोकीचा डबा कुमुदताईंनी मुकाट्यानं उघडला, आणि बॅगेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

थोड्या वेळानं गयाबाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. “आता रीतसर विचारते. मीनल, सांग बाई, काय डोहाळे लागलेत तुला? नकार द्यायचा नाहीये कुणी, लेखी आहे.”

मीनलनं तोंडाला लागलेला डिंक पुसला. नाक ओढलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं, आणि आज पहिल्यांदा हसली.

“मला बघायचंय,” ती म्हणाली, “बाबांना कढण पिताना.”

त्या घरात एवढ्या टाळ्या यज्ञेशच्या लग्नातही पडल्या नव्हत्या. प्राची स्वयंपाकघरात पळाली आणि दुपारचं कढण वाटीभर गरम करून घेऊन आली. राखाडी, पातळ, वर फेस. चिंतामणराव खुर्चीवर बसले. त्यांनी वाटी तोंडाला लावली.

कढण भयंकर होतं. अळणी, तुरट, आणि घशाखाली उतरायला तयारच नाही. त्यांचं तोंड वाकडं व्हायला लागलं, तेवढ्यात समोर मीनल दिसली. हातात कोकीचा तुकडा, गालावर ओघळ, त्यांच्याकडे टक लावून बघणारी. पाच आठवडे, दिवसातून दोनदा, हे त्या पोरीनं त्यांच्यासमोर बसून प्यायलं होतं. एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. वर ते तिला निग्रहाचे धडे देत होते.

त्यांनी तोंड सरळ ठेवलं. वाटी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली, आणि बायकोपुढे धरली.

“गोदू, अजून एक दे.”

गोदूताईंनी वाटी घेतली. मघापासून त्या त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी गयाबाईंच्या हातातून तक्ते घेतले, त्यातला ‘मीनल’ लिहिलेला वर धरला आणि त्या ठाशीव, सुट्या अक्षरातली ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

“दोन वेळा, असं लिहिलंय इथे. दुसरी वाटी संध्याकाळी. आणि ती सातच्या आत.”